गोव्यातल्या घरात लॅमिनेट फ्लोअरिंग टाकताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोलीला आमचं घर आहे, तळमजल्याच्या भिंती चिऱ्याच्या आणि वर स्लॅबवर नंतर चढवलेल्या दोन खोल्या. दोन्ही मजल्यांवर मी स्वतःच्या हाताने लॅमिनेट टाकलं. खालचं दीड वर्षात उचलावं लागलं, वरचं आजही ठणठणीत आहे. तेव्हापासून फोंड्याहून, म्हापशाहून, पेडण्याहून ओळखीतले फोन करून विचारतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. बॉक्समधल्या कागदावर जे छापलेलं असतं ते चूक नसतं पण त्यात आपल्या पावसाचा विचार फारसा नसतो, तो इथे केलाय.

लॅमिनेट म्हणजे लाकूडच ना?

नाही. वरून लाकूड दिसतं पण तो लाकडाचा छापील फोटो आहे. एक फळी आडवी कापून कड बघा, चार थर दिसतील. सगळ्यात वर पारदर्शक कडक थर, त्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असतं म्हणून ओरखडे लवकर पडत नाहीत. त्याखाली छापील कागद. मग मधला जाड तपकिरी थर म्हणजे एचडीएफ, लाकडाचे बारीक तंतू राळेबरोबर प्रचंड दाबाने दाबून बनवलेला. आणि तळाला फळी वाकू नये म्हणून एक पातळ थर. स्वीडनमधल्या पर्स्टॉर्प कंपनीने हे १९७७ मध्ये शोधलं. सुरुवातीला सांधे गोंदाने चिकटवायचे, क्लिक करून बसणाऱ्या फळ्या १९९० च्या दशकात आल्या आणि तेव्हापासून घरच्या माणसालाही हे काम जमायला लागलं.

हे एवढं सांगायचं कारण तो मधला थर. पोहे भिजले की फुगतात आणि परत वाळवले तरी पहिल्यासारखे होत नाहीत, एचडीएफचं तसंच आहे. वरचा थर पाणी आत घेत नाही, पाणी शिरतं ते सांध्यातून आणि खालून. पुढची सगळी उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

मग गोव्याच्या दमट हवेत हे टिकतं का?

टिकतं, पण कुठे टाकताय त्यावर आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस, तो बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि त्या चार महिन्यांत कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. पण हवेतल्या दमटपणाने लॅमिनेट मरत नाही, थोडं फुगतं थोडं आकसतं आणि त्याला जागा ठेवली की निभावून नेतं. खरा धोका जमिनीतून वर येणाऱ्या ओलीचा. चिरा हा भोकाभोकांचा दगड, पाया पावसाळाभर भिजलेला असतो आणि ती ओल भिंतीतून आणि जमिनीतून वर चढत राहते. जुन्या घरांच्या जमिनीखाली प्लास्टिक वगैरे काही घातलेलं नसतं, माती भरून धुमसलेली असते आणि वर कोबा. उघड्या कोब्यावर ती ओल येते आणि वाऱ्याने उडून जाते, आपल्या लक्षातही येत नाही. वर लॅमिनेट टाकलं की ती अडकते.

आमच्या खालच्या खोलीत मी मार्चमध्ये टाकलं होतं. जमीन खडखडीत कोरडी वाटली, हात लावून बघितलं, उन्हाळ्यात कुठली ओल दिसणार! पहिला पावसाळा गेला, काही नाही. दुसऱ्या वर्षी श्रावणात पाय फिरवताना सांध्याला नख अडकल्यासारखं वाटायला लागलं, उजेड तिरका पडला की प्रत्येक सांधा बारीक वरंब्यासारखा उठलेला दिसायचा. आई म्हणाली खोलीत कुबट वास येतोय. स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी काढून कडेच्या तीन ओळी उचलल्या तर फळ्यांखाली अंथरलेला फोम खालच्या बाजूने ओलाचिंब, त्याच्या आणि कोब्याच्या मध्ये पाण्याचे थेंब आणि फळ्यांच्या पाठीवर काळे ठिपके, मध्ये पांढरी लव. फोमखाली वेगळं प्लास्टिक घातलेलं नव्हतं. दुकानदाराने गरज नाही म्हणून सांगितलं होतं आणि मी ऐकलं. सगळं काढून फेकलं, एकही फळी परत वापरण्यासारखी राहिली नव्हती.

वरच्या मजल्याला जमिनीचा संबंधच नाही, तिथे हा प्रश्न येत नाही. म्हणून माझं मत असं की फ्लॅट किंवा पहिल्या मजल्यावरची खोली असेल तर बिनधास्त टाका, तळमजला असेल तर पुढचे तीन प्रश्न वाचल्याशिवाय बॉक्स आणू नका.

जमिनीत ओल आहे की नाही हे कसं कळणार?

दोन फूट बाय दोन फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या आणि जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा, कुठूनही हवा जाता कामा नये. कमीत कमी २४ तास ठेवा, मी तर दोन-तीन दिवस ठेवतो. मग बघा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला बाष्प धरलं असेल किंवा त्याखालची जमीन आजूबाजूपेक्षा काळपट झाली असेल तर ओल खालून येतेय. प्लास्टिकच्या वरच्या बाजूला दमटपणा असेल तर तो हवेतला, त्याला घाबरायचं नाही.

जमिनीवर टाईल असेल तर प्लास्टिक सांध्यांवर येईल असं लावा, कारण चकचकीत टाईलमधून ओल येत नाही, सांध्यातून येते. खोलीत दोन-तीन ठिकाणी करा, एक जागा बाहेरच्या भिंतीजवळ, शक्यतो पागोळ्या जिथे पडतात त्या बाजूला.

आणि ही परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये करा. एप्रिलमध्ये केली तर गोव्यातली जवळपास प्रत्येक जमीन पास होईल आणि त्याचा काही उपयोग नाही.

मग टाकायचं कुठल्या महिन्यात?

ओल पावसात तपासायची आणि फळ्या टाकायच्या थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, तो जाऊ द्या. भर पावसात टाकलं तर फळ्या आधीच फुगलेल्या असतात आणि पुढे जानेवारीत आकसल्या की सांधे उघडे पडतात, त्यात धूळ जाऊन काळ्या रेघा दिसतात. एप्रिल-मेमध्ये टाकलं तर उलट, लगेच पाऊस सुरू होतो आणि फळ्यांना फुगायला पूर्ण जागा लागते. थंडीत टाकलं तरी पाऊस पुढे आहेच, त्यामुळे भिंतीच्या कडेची मोकळी जागा पूर्ण ठेवायची, त्यात काटकसर नाही.

बरेच जण गणेश चवथीच्या आधी घर आवरायचं म्हणून जुलैत रंगाबरोबर हेही काम काढतात. रंग काढा, फ्लोअरिंग थांबवा.

आमचं घर तळमजल्याचंच आहे, ओलही दिसली. आता?

मग लॅमिनेट नको, एसपीसी बघा. दिसायला तसंच, क्लिक करून बसतं, पण आतला गाभा लाकडाच्या तंतूंचा नसून चुनखडीची पूड आणि पीव्हीसी मिळून बनवलेला असतो. पाण्याने फुगत नाही, वाळवी खात नाही. पायाला लॅमिनेटपेक्षा जरा थंड आणि कडक लागतं, जाडी साधारण ४ ते ६ मिमी. पण एक लक्षात घ्या, एसपीसी फुगत नाही म्हणजे खालची ओल नाहीशी होत नाही, ती अडकून कुबट वास येऊ शकतो आणि भिंतीतून वर चढू शकते. ओल फार असेल, म्हणजे पावसात जमिनीला अक्षरशः घाम फुटतो अशी जागा असेल, तर आधी बाहेरचं पाणी बघा. पागोळ्यांचं पाणी पायाशी साचतं का, अंगणाचा उतार घराकडे आहे का, गटार तुंबलंय का. आमच्या मागच्या बाजूला एक साधा सिमेंटचा पाट काढून पाणी लांब नेलं तर पुढच्याच वर्षी भिंतीचे पोपडे निम्म्याने कमी झाले. हे काम कुठल्याही फ्लोअरिंगपेक्षा स्वस्त पडतं.

८ मिमी घ्यायचं की १२? आणि बॉक्सवर एसी ३, एसी ४ लिहिलेलं असतं ते काय?

हा एसी म्हणजे खोलीतला एसी नव्हे, झिजेला किती टिकतं त्याचा दर्जा. युरोपच्या मानकाप्रमाणे एसी १ पासून वर चढत जातो. झोपायच्या खोलीला एसी ३ भरपूर झाला, हॉलमध्ये वर्दळ असते, पोरं असतात, तिथे एसी ४. त्याच्यावरचा दर्जा दुकानं-ऑफिसांसाठी, घरात त्याचे पैसे वाया.

जाडी वाढली की चालताना आवाज कमी येतो आणि सांधा जरा मजबूत बसतो, पण जाड फळी पाण्याला जास्त टिकते हा गैरसमज आहे. ८ मिमी बहुतेक घरांना पुरतं. पैसे जास्त असतील तर जाडीपेक्षा सांध्यांना मेण लावलेला, पाणी उशिरा शिरणारा माल घ्या. आणि पॅकवर ई १ लिहिलंय ना तेवढं बघा, ते राळेतून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडच्या मर्यादेचं आहे. नवीन टाकल्यावर आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवा.

किती बॉक्स लागतील?

लांबी गुणिले रुंदी, अधिक दहा टक्के. १२ बाय १० ची खोली म्हणजे १२० चौरस फूट, दहा टक्के धरून १३२. बॉक्समध्ये साधारण २० चौरस फूट माल असेल तर ७ बॉक्स. नेमका आकडा बॉक्सवर छापलेला असतो तो बघा, प्रत्येक कंपनीचा वेगळा. तिरकं टाकायचं असेल तर पंधरा टक्के धरा. सगळे बॉक्स एकाच लॉटचे घ्या, वेगळ्या लॉटचा रंग उन्हात कळतोच.

जुन्या मोझॅकवर किंवा टाईलवर थेट टाकता येतं का?

येतं, आणि हाच याचा सगळ्यात मोठा फायदा, फोडाफोडी नाही. फक्त जमीन सपाट हवी. सपाट म्हणजे पाणसळीत नव्हे हं, थोडा उतार असला तर चालतो, खड्डे आणि उंचवटे चालत नाहीत. गवंड्याची अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी जमिनीवर आडवी-उभी फिरवा, दोन मीटरच्या पट्टीखाली कुठेही ३ मिमीपेक्षा जास्त फट नको, म्हणजे एक सूत. उंचवटे घासून काढा, खड्डे लेव्हलिंगच्या मसाल्याने भरा. हलणारी, पोकळ वाजणारी टाईल असेल तर ती काढून जागा भरा. खड्ड्यावर फळी अधांतरी राहिली की प्रत्येक पावलाला वाकते आणि वर्षभरात क्लिकची जीभ, म्हणजे शेजारच्या फळीच्या खाचेत बसणारी कड, तुटते, मग तो सांधा कधीच नीट बसत नाही. जाड फोम टाकून खड्डा लपवायचा प्रयत्न करू नका, त्याने अजून लवकर तुटतं.

नवीन कोबा केला असेल तर थांबा. दोन इंच कोबा वाळायला दोन महिने तरी धरा, दमट हवेत जास्तच, आणि वर सांगितलेली प्लास्टिकची परीक्षा केल्याशिवाय सुरू करू नका.

वाळवी लागते का?

लागते. एचडीएफ म्हणजे शेवटी लाकूडच, आणि आपल्याकडे बागेत रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ दिसतंच. ती जमिनीतून भिंतीच्या आणि फरशीच्या सांध्यातून वर येते आणि लॅमिनेटखाली अंधार, ऊब, थोडी ओल असं सगळं तिला मिळतं, वरून काही दिसत नाही, एक दिवस पाय आत जातो. घरात दाराच्या चौकटीला किंवा माळ्याच्या वाशांना कधीही वाळवी लागली असेल तर आधी पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध भरून घ्या, ती भोकं बंद करा, वाळू द्या आणि मग फ्लोअरिंग. टाकून झाल्यावर हे काम करायचं म्हणजे परत सगळं उचलायचं.

खाली काय काय घालायचं?

स्लॅबवर असो की जमिनीवर, सगळ्यात आधी २०० मायक्रॉनचं प्लास्टिक. दोन पट्ट्यांचा जोड २० सेंटिमीटर एकमेकांवर आणि वरून चिकटपट्टी. भिंतीवर दोन इंच वर चढवायचं, नंतर स्कर्टिंगच्या मागे जातं. त्यावर २ किंवा ३ मिमीचा फोम, याच्या पट्ट्या एकमेकांवर नाही, कडेला कड. फोमचे दोन थर नकोत. फोमलाच एका बाजूने चंदेरी प्लास्टिक लावलेलं मिळतं, ते घेतलंत तर त्याचे सगळे जोड नीट टेपने बंद करा. माझं जुनं अनुभवाचं दुखणं आहे म्हणून मी तरीही खाली वेगळं प्लास्टिक घालतो, एका खोलीला त्याचा खर्च किती होतो!

बॉक्स आणले की लगेच सुरू करू का?

नाही, ४८ तास. ज्या खोलीत टाकायचंय त्याच खोलीत, न उघडता, आडवे ठेवा. भिंतीला उभे टेकवले तर फळ्या वाकतात. खोलीत रोज रात्री एसी चालतो का, मग त्या दोन दिवसांतही नेहमीसारखा चालवा.

हत्यारं काय लागतात?

जिगसॉ, मोजपट्टी, गुण्या, पेन्सिल, रबरी हातोडी, ठोकायचा ठोकळा, शेवटची ओळ ओढायचं वाकडं लोखंड आणि पाचरी. जिगसॉ भाड्याने मिळतो. पाचरी विकत आणायची गरज नाही, त्याच फळीचे उरलेले तुकडे कापून होतात. कापताना बारीक भुसा उडतो, तो छातीत जातो, मास्क लावा आणि शक्यतो बाहेर वसरीवर कापा.

जिगसॉचं पातं वरच्या दिशेने कापतं म्हणून फळी उपडी ठेवून पाठीवर रेघ मारून कापायची, साध्या हातकरवतीने कापत असाल तर उलट, चांगली बाजू वर. नाहीतर कडेचे टवके उडतात.

टाकायची नेमकी पद्धत सांगा.

पहिले अर्धा तास फक्त मोजा. खोलीची रुंदी मोजून त्यातून दोन्ही बाजूंची मोकळी जागा वजा करा आणि फळीच्या रुंदीने भागा. समजा रुंदी २९९० मिमी, दोन्हीकडे १२ सोडले तर २९६६, फळी १९५ ची. पंधरा ओळी बसतात आणि ४१ मिमीची पट्टी उरते. ५० मिमीपेक्षा बारीक पट्टी शेवटी घालू नये, ती टिकत नाही आणि दिसतेही वाईट. म्हणून पहिली आणि शेवटची ओळ दोन्ही ११८ मिमीच्या करायच्या, मध्ये चौदा पूर्ण ओळी. हा हिशोब न करता सुरुवात केली की शेवटच्या भिंतीशी जाऊन अडकायला होतं.

फळ्यांची दिशा खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या रेषेत ठेवा, सांधे कमी दिसतात. लांबट चिंचोळी खोली असेल तर लांबीने.

डाव्या कोपऱ्यातून सुरू करा, जिभेची बाजू भिंतीकडे आणि पहिल्या ओळीची जीभ कापून टाका. भिंतीला पाचरी लावा. पहिली ओळ दोरी धरून सरळ करा, कारण चिऱ्याची जुनी भिंत सरळ असेल असं धरून चालू नका. आमच्या भिंतीला मध्ये जवळजवळ पाऊण इंचाचं पोट होतं. अशा वेळी फळी भिंतीला लावून पेन्सिलीने भिंतीचा वळसा तिच्यावर उतरवायचा आणि त्या रेघेवर कापायचं, म्हणजे खोलीकडची कड सरळ राहते. पहिली ओळ वाकडी गेली तर ते वाकडेपण प्रत्येक ओळीत पुढे जातं, त्यामुळे इथे वेळ लागला तर लागू दे.

ओळ संपताना शेवटची फळी कापली की जो तुकडा उरतो त्यानेच पुढची ओळ सुरू करायची, फक्त तो ३० सेंटिमीटरपेक्षा लहान नको. लागून असलेल्या दोन ओळींच्या आखूड सांध्यांत कमीत कमी ३० सेंटिमीटर अंतर पाहिजे. लांब बाजू तिरकी धरून, साधारण २० ते ३० अंशात, खाचेत घालून खाली दाबली की क्लिक होते. नीट बसलेल्या सांध्यावर बोट फिरवलं तर काही लागत नाही. जरा जरी धार लागली तर काढून परत बसवा, वरून हातोडी मारून दाबू नका. ठोकायचं ते कडेला, ठोकळा मध्ये धरून, हळू हळू. काही कंपन्यांची आखूड बाजू वरून दाबून बसते, काहींची तिरकी घालावी लागते, बॉक्समधला कागद इथे खरंच वाचा.

पाईप येत असेल तर पाईपच्या जाडीपेक्षा २० मिमी मोठं भोक, म्हणजे चारी बाजूंनी १० मोकळे, आणि वरून झाकायची चकती लावा.

भिंतीकडे एवढी फट ठेवायची? वाईट दिसेल ना?

स्कर्टिंगखाली झाकली जाते, दिसत नाही. आपल्याकडे मी १२ मिमी सांगतो, आणि मेस्ताला म्हणजे कारागिराला मिमी सांगू नका, चार सूत सांगा म्हणजे बरोबर ठेवेल. ही जमीन कुठेही चिकटवलेली किंवा ठोकलेली नसते, अख्खी खोलीभर चटईसारखी नुसती पसरलेली असते आणि पावसात सगळी मिळून वाढते. भिंतीला टेकली तर मध्ये उचलते, फुगा येतो. मेव्हण्याच्या पर्वरीच्या फ्लॅटमध्ये सगळीकडे जागा होती, फक्त एका दाराच्या चौकटीला फळी घट्ट बसवलेली, जुलैत तिथूनच चार फुटांवर फुगा आला. ती चौकटीजवळची कड कापली तर आठवड्यात आपोआप बसली.

याच कारणाने स्कर्टिंग भिंतीला ठोकायची, फळीला नाही. भिंतीतलं जड कपाट याच्यावर बसवायचं नाही, आधी कपाट मग फ्लोअरिंग. सुटं लोखंडी कपाट चालतं. आणि सलग ८-१० मीटरच्या पुढे लांबी जात असेल तर मध्ये जोडपट्टी देऊन तोडा.

दारं घासणार नाहीत का?

८ ची फळी आणि २ चा फोम, जमीन १० मिमीने वर येते. आधी फळीचा तुकडा फोमवर ठेवून त्यावरून दार फिरवून बघा. घासत असेल तर दार उतरवून खालून रंधा मारा, आणि जुनी फणसाची जड दारं बिजागरीवर खाली लोंबलेली असतात म्हणून दीड-दोन सूत जास्तीचे मोकळे ठेवा. जुन्या घरात उंबरठा असतो ते सोयीचंच, फ्लोअरिंग त्याच्या अलीकडे संपवता येतं. फ्लॅटमध्ये दाराखाली पट्टी लागते.

स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाल्कनी?

नाही, नाही, नाही. स्वयंपाकघरात मासे धुतले जातात, सिंकखाली गळती असते, तिथे टाईलच बरी.

चवथीला काय करायचं? गणपती त्याच खोलीत बसतो.

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो कारण त्या दिवसांत घरात तीस-चाळीस माणसं येतात, भर पावसातून ओल्या पायांनी, आणि वर माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या चौकटीला, बांधलेली फळं पानं दोन दिवसांनी गळायला लागतात. चौरंगाखाली आणि माटोळीखाली जाड चटई घाला, रोज उचलून खालचं कोरडं करा. प्लास्टिक अंथरू नका, त्याखाली गेलेलं पाणी सुकत नाही. समई पसरट ताटात ठेवा, तेल सांडलंच तर आधी कोरड्या कापडाने टिपा. दाराशी दोन पायपुसणी, एक काथ्याचं बाहेर, एक सुती आत. वडिलोपार्जित घरातला तळमजल्याचा गणपतीचा हॉल असेल तर मी तिथे लॅमिनेट टाकायला सांगतच नाही. ती खोली वर्षानुवर्षं जशी धुतली-पुसली जाते तशीच धुता आली पाहिजे.

रोज पुसायचं कसं?

झाडू किंवा व्हॅक्युम, आणि घट्ट पिळलेलं फडकं. पुसल्यावर मिनिटभरात जमीन कोरडी दिसली पाहिजे, तेवढंच ओलं. बादलीभर पाणी ओतून पुसायची सवय असते, कामाला येणाऱ्या बाईंना पहिल्या दिवशी स्वतः पुसून दाखवा, नुसतं सांगून होत नाही. वाफेचा मॉप नको, मेण-पॉलिश नको. किनाऱ्याजवळ राहत असाल तर वाळू हा मोठा शत्रू आहे, पायाबरोबर आलेली वाळू खुर्चीच्या पायाखाली रगडली गेली की चमक जाते. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्ट लावा, आणि ते सहा महिन्यांनी बदला कारण त्यातच वाळू रुतून बसते.

पाणी सांडलं किंवा एसी गळला तर?

लगेच पुसलं तर काही होत नाही. रात्रभर राहिलं तर सांधे फुगायची शक्यता धरा. कौलातून गळलं आणि खाली गेलंय असा संशय असेल तर जवळच्या भिंतीकडची स्कर्टिंग काढून तिथून ओळी उलट्या क्रमाने उचला, क्लिक उघडता येतं. फळ्यांवर नंबर टाका, पंख्याखाली आडव्या वाळवा, जमीन पूर्ण कोरडी झाली की परत बसवा. फुगलेल्या फळ्या तेवढ्या बदला. वरून पंखा लावून खालचं पाणी सुकेल ही आशा ठेवू नका, दहा दिवसांत बुरशी येते. एसीचा पाण्याचा पाईप मात्र पावसाळ्याआधी एकदा साफ करून घ्याच.

चालताना ढबढब वाजतं, काही बिघडलंय का?

थोडा पोकळ आवाज येणारच, ही जमीन चिकटवलेली नसते. पण एकाच जागी दबत असेल आणि वाजत असेल तर खाली खड्डा आहे.

स्वतः करावं की मेस्ताला द्यावं?

चौकोनी खोली, दोन माणसं, दोन दिवस, जमतं. अडनिड्या भिंती, तीन-चार दारं असतील तर जाणत्या माणसाला द्या, पण प्लास्टिक घालताना आणि कडेची जागा सोडताना स्वतः उभे राहा. ही दोनच कामं घाईत गाळली जातात आणि झाकली गेल्यावर कोणाला दिसत नाहीत.

आमच्याकडे आजोबांच्या वेळची लाल कोब्याची जमीन आहे, ती झाकून टाकू का?

तुटलेली नसेल तर झाकू नका, अगदी मनापासून सांगतो. तो लाल कोबा घोटून घोटून गुळगुळीत केलेला असतो, उन्हाळ्यात पायाला थंड लागतो, पावसात ओल सोडतो आणि पाण्याने धुता येतो. तसं काम करणारे हात आता कमी झालेत. भेगा असतील तर भरून घ्या, थोडं तेलाचं फडकं फिरवा. लॅमिनेट वरच्या मजल्यावरच्या निस्तेज टाईलवर टाका, तिथे त्याने खोलीचं रूप खरंच बदलतं.

उरलेल्या फळ्यांचं काय करायचं?

टाकू नका, परतही करू नका, पाच-सहा फळ्या तरी जपून ठेवा, तीन वर्षांनी तो डिझाईन बाजारात मिळेलच असं नाही. बॉक्सचा लॉट नंबर असलेला तुकडा कापून त्यांच्याबरोबरच बांधा. कौलांखालच्या माळ्यावर नको, तिथे उन्हाने तापतात आणि पावसात भिजतात, अडगळीच्या ओल्या खोलीत तर नकोच. आमच्या वरच्या खोलीतल्या पलंगाखाली आडव्या ठेवल्यात, जुन्या चादरीत गुंडाळून.